डब्लिनच्या पाइंटला किती गुण?

डब्लिनमध्ये पब क्रॉलला निघालेल्या टोळक्यांचा एक आवडता खेळ आहे. प्रत्येक पबात स्टाउट या काळ्या बिअरचा पाइंट मागवायचा आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे. फेसाला किती, चवीला किती, भरणाऱ्याच्या हाताला किती. प्रत्येक घोटानंतर ग्लासच्या आतल्या बाजूला फेसाचं कडं उरलं, तर अर्धा गुण वर. या वादात कुणी हटत नाही. गंमत अशी, की बहुतेक ग्लासांतली बिअर एकाच कारखान्यातून आलेली असते.

तो कारखाना सेंट जेम्सेस गेटचा. 31 डिसेंबर 1759 रोजी आर्थर गिनेसने ही जागा 9,000 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतली, वर्षाला 45 पौंड भाड्याने. स्टाउटचा काळा रंग येतो मोड न आणता भाजलेल्या बार्लीमुळे. दिव्यासमोर धरला तर पाइंट काळा नसून गडद माणिकरंगी असल्याचं कळतं.

वरची साय मात्र नायट्रोजनची. पूर्वी बारमन दोन पिंपांतून भरायचा. एकातली बिअर फसफसती, दुसऱ्यातली निवलेली. 1959च्या सुमारास कंपनीतल्या मायकेल ॲश या गणितज्ञाने नायट्रोजन वापरून एकाच पिंपातून तसा पाइंट मिळवला. हा वायू बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक राहतात, आणि कार्बन डायऑक्साइडसारखी आंबूस चुरचुर जिभेला लागत नाही. दोन पिंपं गेली, पण दोन टप्प्यांत भरायची रीत टिकली. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, बाजूला ठेवायचा, निवळला की वरचा भाग भरायचा. कंपनी याला 119.5 सेकंद सांगते. अनुभवी बारमन घड्याळाकडे बघत नाही. त्याच्यासमोर पाच-सहा ग्लास एकदमच निवळत असतात.

मग गुणांत फरक का पडतो? कारण परीक्षा बिअरची नसते, पबाच्या घरकामाची असते. तळघरातल्या पिंपापासून तोटीपर्यंतच्या नळ्या वेळेवर धुतल्या का, ग्लासला साबणाचा किंवा तेलकट ओशटपणा राहिला का, बिअर योग्य गार आहे का, पिंप किती लवकर रिकामं होतं. ओशट ग्लासात फेस तग धरत नाही. टेंपल बार या पर्यटकांच्या भागाचं नाव निघालं की स्थानिक लोक नाक मुरडतात आणि तिथल्या भावांबद्दल ते खरंही आहे. पण खप एवढा, की बिअर शिळी व्हायला वेळच मिळत नाही. हे कबूल करायला अस्सल डब्लिनकर सहसा तयार नसतो.

तो तुम्हाला पूलबेग स्ट्रीटवरच्या मलिगन्समध्ये पाठवेल. लेखक जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधल्या एका कथेत पंजा लढवला जातो तो इथेच. नाहीतर ग्लासनेविन दफनभूमीला खेटून असलेल्या, 1833पासूनच्या जॉन कॅव्हना यांच्या पबात. त्याला सगळे ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात. कबरी खोदणारे भिंतीवर फावडं आपटून पाइंट मागवत, असं सांगतात. आत टीव्ही नाही, गाणं-बजावणं नाही. अशा जागी पाइंटला जास्त गुण मिळतात, त्यातले किती पाइंटचे आणि किती जागेचे?

हा प्रश्न मस्करीचा वाटेल, पण थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, याचं गणित याच कारखान्यात घडलं. 1899मध्ये गिनेसमध्ये रुजू झालेल्या विल्यम सीली गॉसेटला बार्ली आणि हॉप्स यांचे मोजकेच नमुने तपासून निर्णय घ्यावे लागत. त्यावरचा त्याचा लेख 1908मध्ये ‘बायोमेट्रिका’त ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला, कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने लिहायला कंपनीची परवानगी नव्हती. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत संख्याशास्त्र शिकणारी मुलं घोकतात ती ‘स्टुडंट्स टी-चाचणी’ हीच; तिचं मूळ दारूच्या भट्टीत आहे, हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

पाइंटला गुण देण्याचा हा खेळ 2011मध्ये ‘जर्नल ऑफ फूड सायन्स’पर्यंत पोचला. चार देशांतल्या चार संशोधकांनी वर्षभरात 14 देशांतल्या 71 पबांत 103 वेळा गिनेस चाखली. आयर्लंडमधल्या पाइंटला शंभरपैकी सरासरी 74, बाहेरच्यांना 57. अर्थात आपण कुठे बसलो आहोत, हे चाखणाऱ्यांना ठाऊक होतंच.

पब क्रॉलमध्ये आणखी एक खोट असते: चौथ्या पबाच्या वाट्याला येणारी जीभ पहिल्या पबाची नसते. प्रयोगातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचं म्हणणं; गॉसेटला तोलून केलेली आखणी जास्त पटायची आणि त्यावरून दोघांचा वाद झाला. गॉसेटच्या पद्धतीने जायचं तर एका गटाने मलिगन्सहून ग्रेव्हडिगर्सकडे निघावं आणि दुसऱ्याने उलट यावं. शिवाय दोन्ही गटांनी अर्धाच पाइंट मागवलेला बरा. पूर्ण पाइंट 568 मिलिलिटरचा, म्हणजे चार पबांत सव्वादोन लिटर स्टाउट पोटात जाते, आणि पाचव्या पबात गुण कोण लिहितं हेच ठरत नाही.