ड्रायव्हरचे तास कोण मोजतं? कायदा मोजतो माणसाचे, जीपीएस मोजतो गाडीचे

धरा, एक ट्रॅव्हल्स जळगाव जामोदहून संध्याकाळी सहाला निघाली आणि पहाटे पाचला पुण्यात पोहोचली. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या वर, वेळ अकरा तास. स्टिअरिंगवर एकच ड्रायव्हर होता. हे कायद्यात बसतं का?

नाही बसत. आणि हे आज-कालचं नाही, १९६१ पासून बसत नाही. त्या वर्षी मोटार परिवहन कामगार कायदा आला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ही त्यातली मर्यादा. लांब पल्ल्याचे मार्ग किंवा सण-यात्रेची गर्दी असेल तर सरकारी परवानगीने दिवसाला १० आणि आठवड्याला ५४, त्याच्या वर नाही. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आणि ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा पसारा, मधली विश्रांती धरून, १२ तासांच्या आत.

आता यातली खरी गोम बघा. 'कामाचे तास' म्हणजे फक्त चाक फिरतं तो वेळ नव्हे. गाडीची देखभाल, माल चढवणं-उतरवणं, हिशेब देणं हेही त्यात येतं. स्टँडवर नुसतं थांबणं १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर तेही धरतात. म्हणजे आपला ड्रायव्हर दुपारी चारपासून टपावर पार्सलं चढवत असेल, तर त्याची ड्युटी सहाला नाही, चारला सुरू झाली. पहाटे पाचपर्यंत तेरा तास. हप्त्यात अशा सहा रात्री मारल्या तर नुसतं ड्रायव्हिंगच ६६ तास होतं. ५४ ची कमाल मर्यादाही सहावी रात्र येण्याआधीच संपते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांतल्या एका संहितेत गेला. दिवसाचे ८ तास कायम राहिले. विश्रांती आणि पसाऱ्याचे आकडे आता सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे आहेत. एक बदल मात्र मला खटकतो. जुना कायदा पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू व्हायचा, संहितेत तो आकडा दहा आहे. आपल्या तालुक्यासारख्या ठिकाणी दोन-चार गाड्यांचे मालक जास्त. ते सगळे बाहेर?

तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ९१ वाचा. व्यावसायिक वाहन चालवायला नेमलेल्या कोणत्याही माणसाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे असतील, असं ते म्हणतं. त्यात कामगारांची संख्या कुठेच नाही. म्हणून माझ्या मते एका ट्रकचा ड्रायव्हरही त्यात येतो. शिवाय ठरलेल्या वेळेबाहेर काम करणारा आणि ते करवून घेणारा, दोघांनाही हे कलम मनाई करतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की राज्यांच्या खात्यांबरोबर बैठका घ्या आणि ड्रायव्हरच्या तासांची अंमलबजावणी कशी करणार ते ठरवा. कायदा होऊन साठ वर्षं उलटल्यावर ही वेळ यावी, यातच काय ते आलं.

मग जीपीएस काय करतो?

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या बस-टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांना लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. ट्रकमध्येही बरेच मालक स्वतःहून जीपीएस बसवतात. शिवाय फास्टॅग आहेच, कोणत्या टोलवर किती वाजता गेलात त्याची नोंद होते. एवढं सगळं असून तास का मोजले जात नाहीत?

कारण ही सगळी यंत्रं गाडीला ओळखतात, माणसाला नाही. गाडी बावीस तास पळाली हे सर्व्हरला कळतं. त्यात दोन ड्रायव्हर होते की एकच, हे कळत नाही. नॅशनल परमिटच्या ट्रकला पूर्वी दोन ड्रायव्हरची अट होती, तीही २०१८ च्या दुरुस्तीत गेली.

युरोपात हेच काम टॅकोग्राफ करतो. ड्रायव्हरने स्वतःच्या नावाचं चिप कार्ड त्यात घालायचं. चाक फिरलं की 'ड्रायव्हिंग' आपोआप नोंदलं जातं. थांबल्यावर ड्रायव्हर बटणाने सांगतो: पलंगाचं चिन्ह म्हणजे विश्रांती, दोन हातोडे म्हणजे इतर काम. म्हणजे पार्सलं चढवण्याचे आपले दोन तास तिथे हातोड्यात गेले असते. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला साधारण ९ तास. रस्त्यात पोलीस मागच्या ५६ दिवसांची नोंद तपासू शकतात. गाडी बदलली तरी कार्ड त्याच माणसाचं, त्यामुळे दोन मालकांकडे 'डबल' मारली तरी दिसते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी कल्पना २०२० मध्ये ॲपवरच्या टॅक्सींसाठी आली. त्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉगिन नको, मग १० तास सक्तीची विश्रांती, आणि दोन ॲप वापरत असाल तर दोन्हींचे तास मिळून, असं होतं. कारण तिथे लॉगिन माणसाचं असतं. कार्ड टॅप करून ड्रायव्हर ओळखणारी उपकरणं आपल्या बाजारातही मिळतात. अडचण यंत्राची नाही, ते लावायला लावण्याची आहे.

आपल्याच जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर नागपूर-पुणे ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ जण गेले. टायर फुटला की नाही, डुलकी लागली का, ड्रायव्हर प्यायला होता का, यावर खूप बोललं गेलं. पण अशा अपघातात ड्रायव्हरवर गुन्हा लगेच दाखल होतो. त्याआधीच्या सात दिवसांत तो किती तास झोपला होता, हे सांगणारा कागद सहसा कुणाकडेच नसतो.

तो कागद ड्रायव्हरने स्वतः कसा तयार करायचा

ड्युटीवर आलात की किलोमीटरच्या मीटरचा फोटो काढा, सुटताना परत काढा. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर वेळ आणि जागा फोटोतच साठते. मला यापेक्षा स्वस्त टॅकोग्राफ माहीत नाही. पार्सल चढवायला किंवा गाडी धुवायला लागलात तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच एक ओळ पाठवा, वेळ आपोआप पडते. गुगल मॅप्समधली टाइमलाइन मुद्दाम चालू करावी लागते आणि तिची नोंद सहसा तीन महिन्यांनी पुसली जाते. ती मुदत सेटिंगमधून वाढवा. फास्टॅगचे मेसेज बहुतेक मालकाच्या नंबरवर जातात, म्हणून त्यावर विसंबू नका.

कापूस घेऊन राज्याबाहेर जाणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "ई-वे बिल संपतंय, थांबू नको." साध्या मालाच्या ई-वे बिलाला १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. ९०० किलोमीटरला पाच दिवस. अडकलात तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवताही येते. तेव्हा पुढच्या वेळी मालकाने बिलाचं कारण दिलं, तर "बिलावर तारीख बघा शेठ" म्हणा आणि ढाब्यावर गाडी लावा.