सम्राटाच्या शाळांतील भारतीय शिक्षक

१९३६ ते १९४१ या पाच वर्षांच्या इटालियन अमलात इथिओपियातील सुशिक्षितांची नुकती कोठे आकारास येऊ लागलेली पिढी बव्हंशी कापली गेली. त्यामुळे ५ मे १९४१ रोजी आदिस अबाबास परतलेल्या सम्राट हाइले सेलासी यांच्यापुढे, शाळा उघडण्याहूनही त्यांत शिकवणार कोण, हा प्रश्न अधिक बिकट होऊन उभा राहिला. शिक्षणखाते त्यांनी दीर्घकाळ स्वतःकडेच ठेवले होते. माध्यमिक शाळांचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे त्यांची दृष्टी भारताकडे वळली, आणि पुढे काही दशके भारतीय शिक्षक, त्यांतही विशेषतः केरळीय, मुदतीच्या करारावर राजधानीत तसेच दूरच्या प्रांतिक गावांत रुजू होत राहिले. ज्या भूमीतून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत येऊन जमाबंदीची घडी बसवून गेला, त्याच भूमीत दक्षिण भारतातून माणसे विद्या घेऊन जावीत, हा योग महाराष्ट्रीय वाचकास तरी उपेक्षणीय वाटू नये.

उंचावरील राजधानीची थंडी यथावकाश अंगवळणी पडते. कठीण असते ते कालगणनेचे. तेथील लोक तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपल्या सकाळच्या आठास तेथे दोन वाजतात, आणि ‘तीन वाजता या’ असा निरोप मिळालेला नवखा दुपारी पोचतो तेव्हा ठरलेली वेळ, म्हणजे सकाळचे नऊ, केव्हाच टळून गेलेली असते. वर्ष तेरा महिन्यांचे. त्यांतला अखेरचा पागुमे अवघ्या पाच किंवा सहा दिवसांचा. नववर्ष सप्टेंबरच्या ११ किंवा १२ तारखेस, पावसाळा ओसरताना येते, आणि सालाचा आकडा इसवी सनाहून सात-आठांनी मागे असतो. सूर्योदयापासून घटिका मोजणाऱ्या आणि अधिक मास पाळणाऱ्या समाजातून गेलेल्या माणसास याचे नवल वाटावयास नको होते. पण इंग्रजी घड्याळ आपल्या अंगात इतके मुरले आहे की हे साम्य ध्यानात येण्यासही अवधी लागतो.

वर्गात पाऊल ठेवताच हजेरीपट अडवी. तेथे आडनाव नसते. स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे, एवढेच. दुसऱ्या नावाने हाक मारणारा शिक्षक वस्तुतः विद्यार्थ्याच्या पित्यास हाक मारीत असतो. होकार देताना तेथील मनुष्य पुष्कळदा नुसता श्वास झटकन आत ओढतो. ते न जाणणाऱ्यास विद्यार्थी दचकला असेच वाटावे.

शाकाहारी मनुष्यास मात्र तेथील धर्मानेच आधार दिला. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांत, म्हणजे बहुतेक बुधवारी, शुक्रवारी व ईस्टरपूर्वीच्या दीर्घ व्रतात, मांस आणि दूध वर्ज्य असल्याने डाळींचे कालवण व डाळीच्या पिठाचे शिरो टेफच्या आंबूस इंजेराबरोबर सहज मिळे. केरळातील सीरियन ऑर्थोडॉक्स शिक्षकास तर उपासनामंदिरातही आप्तभाव लाभे, कारण दोन्ही चर्चे एकाच प्राचीन पौर्वात्य परंपरेतली.

सर्वांत अवघड प्रसंग १९६५ साली आला, जेव्हा राजधानीतील विद्यार्थी ‘कसेल त्याची जमीन’ या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. ही घोषणा भारतीय शिक्षकास स्वदेशातून परिचित होती. परंतु ज्या सरकारच्या खजिन्यातून त्याचे वेतन येई त्याच सरकारविरुद्ध ती उठली होती, आणि परदेशी नोकराने काय बोलावे यास मर्यादा होत्या. त्या काळी गप्प राहिलेल्यांना मी दोष देणार नाही. मात्र जे आपल्याच वसाहतीत मिटून राहिले आणि अम्हारिक शिकलेच नाहीत, त्यांना समोरची मुले का पेटली हे कळणेही दुरापास्त होते. आणि म्हणूनच परदेशी शिक्षकाची नेमणूक करताना, वर्गावर धाडण्यापूर्वी त्याला काही महिने तेथल्याच शिक्षकांकडून भाषा व रीतिरिवाज शिकविण्याची तरतूद करारातच असावी, असे माझे ठाम मत आहे.