जिन्याखालची गिअरची सायकल : किंमत कशी ठरवावी?

दिवाळीच्या आवराआवरीत लश्करातल्या जुन्या घरांच्या जिन्याखालून दरवर्षी एक-दोन सायकली बाहेर निघतात. कबाडी येतो, वजन करतो, घेऊन जातो. त्यातली एखादी रुंद टायरची, सरळ हँडलची आणि गिअरची असेल, तर मात्र दोन दिवस थांबावे अशी आमची विनंती आहे. मुलाने परदेशातून येताना आणलेली ती माउंटन बाइक तीस-पस्तीस वर्षांची असू शकते, आणि अशा सायकलींचे शौकीन आता आपल्याकडेही आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी तर जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभे केले आहे. उलट, 'विंटेज' या शब्दावर भाळून घरातली तरुण मंडळी भलतीच रक्कम मोजून येतात, तेही आम्ही पाहिले आहे.

हा प्रकार तसा फार जुना नाही. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातले काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळत, त्यातून तो निघाला. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली आणि मग सगळ्यांनीच तशा सायकली काढल्या. आपल्याकडची हीरो रेंजर दिसायला त्याच घराण्यातली, पण तिची किंमत आमच्या मते चालवण्यापुरतीच धरावी.

बँकेत तारण घेताना आम्ही आधी मालकी पाहत असू, मग माल. इथेही तेच. पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तो खरवडलेला दिसला तर पुढे बोलूच नये.

फ्रेम हाच खरा माल, बाकी सगळे बदलता येते. फ्रेमवर क्रोमोली किंवा 4130 असे लिहिलेले असेल, किंवा टांगे, रेनॉल्ड्स अशा नळ्यांच्या कंपनीचे लेबल असेल, तर चांगली खूण. मग हँडलच्या मागून खाली उतरणाऱ्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे फुगवटा किंवा सुरकुती लागली, तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे, आणि वरचा रंग कितीही छान असला तरी सोडून द्यावी. सीटचा दांडा वर-खाली होतो का, हेही जरूर पाहा. अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे तसाच राहिला की जाम होतो, आणि मग मिस्त्रीचा हातोडाही चालत नाही.

आता वयाची गोष्ट. विकणारा सांगेल त्यावर जाऊ नये. शिमानोच्या बऱ्याच जुन्या सुट्या भागांवर मागच्या बाजूला दोन बारीक इंग्रजी अक्षरे असतात. पहिले वर्षाचे: ए म्हणजे 1976, बी म्हणजे 1977, असे झेडपर्यंत. दुसरे महिन्याचे: ए जानेवारी, एल डिसेंबर. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी विचारले, "भाऊ, कबाडी पाचशे म्हणतोय, देऊन टाकू का?" आम्ही चष्मा लावून पाहिले, तर गिअरवर पी-एफ, म्हणजे जून 1991. ब्रेक आणि क्रँकवरची अक्षरेही दोन-चार महिन्यांच्याच अंतरातली. याचा अर्थ सायकल मूळची, भाग बदललेले नाहीत. शौकीन पैसे मोजतो ते याच अखंडपणाचे. मुलाला फोनवर विचारून काकूंनी ती एका हौशी तरुणाला दिली, कबाड्याच्या भावाच्या कितीतरी पट रकमेला.

चालवण्यासाठी घेणार असाल, तर हिशेब वेगळा. पुढे शॉकअप नाही म्हणून नाक मुरडू नये. जुन्या शॉकअपमधले रबर आता कडक झालेले असते, त्यापेक्षा साधा चिमटा बरा. चेनच्या एका पिनेवर फुटपट्टीचा शून्य ठेवा. नव्या चेनची चोविसावी पीन बरोबर 12 इंचावर येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर चेन आणि फ्रीव्हील दोन्हींचा खर्च धरा. टायरच्या मापात तर हमखास घोळ होतो. 26×1.95 आणि 26×1 3/8 दोन्हींना दुकानदार 'छब्बीस' म्हणतो, पण टायर बसतो तिथला रिमचा व्यास पहिल्यात 559 मिलिमीटर, दुसऱ्यात 590. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

समजा मागणी 9,000 ची आहे, दुरुस्ती 3,500 ची निघाली, आणि तितक्याच कामाची नवी सायकल 10,000 ला मिळते. तर 6,500 ही वरची मर्यादा, आणि बोलणी त्याच्या बरीच खालून सुरू करावीत. इंटरनेटवर कोणी किती मागितले, यावरून भाव ठरवू नये. मागणे फुकट असते, सौदा किती झाला ते विचारावे.

सौदा ठरला की साध्या कागदावर तारीख, रक्कम, फ्रेमचा नंबर आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. कागदाचा मोबाइलवर एक फोटोही असू द्यावा.