तिसऱ्या रांगेतली टेस्ट ड्राइव्ह

सात सीटची मोठी गाडी घ्यायचीय? मग जरा वेळ स्टिअरिंग सोडा आणि मागे जाऊन बसा. अख्ख्या कुटुंबाला घेऊन नांदेड ते लातूर आणि परत, अशी दोन दिवसांची टेस्ट ड्राइव्ह!

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह कशी असते, ते आपल्या सगळ्यांना माहितीय. गाडी धुऊन-पुसून दारात उभी. एसी आधीच फुल्ल. शेजारी गोड बोलणारा सेल्समन. शहरातल्या बऱ्यापैकी गुळगुळीत रस्त्यावर जाऊन-येऊन पाच-सात किलोमीटर. एकदा जोरात पिकअप बघायचा, एकदा ब्रेक मारायचा, सनरूफ उघडायचं, बंद करायचं आणि परत येऊन ‘एकदम भन्नाट’ म्हणायचं. झाली टेस्ट!

अडचण एवढीच, की या सगळ्या प्रकारात गाडीत दोघंच असतात आणि दोघंही पुढे. गाडी मात्र आपण घेत असतो सात जणांसाठी. पुण्यात-मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गाव नांदेड-लातूरकडे असणाऱ्या मंडळींना वेगळं सांगायला नको. दिवाळी आली की रेल्वेचं वेटिंग संपत नाही, ट्रॅव्हल्सचं तिकीट खिशाला झेपत नाही. मग घरात विषय निघतो, ‘एकदाची मोठी गाडीच घेऊन टाकू!’ आमच्याही घरात निघाला. दादाचं बुकिंग जवळजवळ ठरलेलं होतं. मी म्हटलं, थांब. आधी सगळ्यांना घेऊन एकदा लांब जाऊन येऊ.

एका ओळखीच्यांनी दोन दिवसांसाठी त्यांची गाडी दिली. डिझेल, ऑटोमॅटिक, सात सीट, लॅडर फ्रेमवरची मोठी एसयूव्ही. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. कारण हा त्या गाडीचा रिव्ह्यू नाही. जे दिसलं, ते या साइजच्या बऱ्याच गाड्यांना लागू पडतं. गाडीत आई, बाबा, आत्या, दादा, वहिनी, सात वर्षांची पुतणी आणि मी. अट एकच, दर थांब्याला जागा बदलायची. ड्रायव्हरनंसुद्धा!

बैल घेतो तशी गाडी घ्या

सकाळी साडेसहाला नांदेड सोडलं. सोनखेड, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर आणि लातूर. हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. तुळजापूरहून निघून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत तो नागपूरजवळ बुटीबोरीला पोचतो. ज्यांनी इथला जुना रस्ता एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून अनुभवलाय, त्यांना आजचा चौपदरी रस्ता म्हणजे चक्क चमत्कार वाटतो.

लोह्याच्या पुढे रस्त्यालगत माळेगाव लागतं. खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षात इथं मोठी यात्रा भरते आणि तिच्यातला जनावरांचा बाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळं मिळतं. शिवाय हा भाग म्हणजे लाल कंधारी आणि देवणी या दोन नामी गोवंशांचा. इथला शेतकरी बैल कसा घेतो, ते बघा. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, जमलं तर ओढायला लावतो. नुसता चकाकणारा रंग आणि रंगवलेली शिंगं बघून कुणी पैसे मोजत नाही. आपण मात्र वीस-बावीस लाखांची गाडी मोकळी पळवून बघतो. ओझं घालून बघतच नाही!

ओझ्याचा हिशेब सोपा आहे. सात माणसं, सरासरी पासष्ट किलो धरली तर साडेचारशे किलोच्या पुढे. त्यात बॅगा, फराळाचे डबे आणि परत येताना लातूरची तूरडाळ, घरची ज्वारी. झाला की अर्धा टनाच्या वर मामला. एकट्यानं चालवताना चित्त्यासारखी झेपावणारी गाडी अशा वेळी ओव्हरटेकला किती वेळ घेते आणि ब्रेक मारल्यावर कुठे थांबते, ते कळायलाच हवं. अहमदपूरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला, तेव्हा ते कळलं. डिझेलचा टॉर्क कामाला आला, पण एकट्यानं चालवताना जेवढी मोकळी जागा पुरते, त्यापेक्षा बरीच जास्त लागली.

आत्या म्हणाली ते खरं

खरी परीक्षा होती तिसऱ्या रांगेची. पहिला नंबर आत्याचा, कारण तिनंच हट्ट धरला. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे. आधी उंच फूटबोर्ड, मग पुढे ढकललेली मधली सीट, मग कंबरेत वाकून आत. बसल्यावर मी विचारलं, ‘‘आत्या, कसं वाटायलंय?’’

‘‘गाडी चांगली हाय गं. पण गुडघे पार हनुवटीला टेकायलेत माझे!’’

सगळे हसले. पण यामागे कारण आहे. लॅडर फ्रेमच्या गाडीत खाली जाडजूड चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. त्यामुळे गाडीचा तळ उंच येतो. तळ उंच, छत मात्र तेवढंच. मग मागच्या सीटची बैठक खाली ठेवावी लागते आणि मांड्यांना आधार उरत नाही. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा या लॅडर फ्रेमच्या गाड्या. २०२१ मध्ये आलेली नवी सफारी किंवा इनोव्हा हायक्रॉस या मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि चौकट एकच असलेल्या. दगडधोंड्यांच्या वाटेला आणि जड ओझ्याला लॅडर फ्रेम भारी, तर हायवेवरच्या आरामाला साधारणपणे मोनोकॉक सरस. पण हे कागदावरचं झालं. तुमच्या आत्याचे गुडघे कुठल्या गाडीत सुखी राहतात, ते आत्यालाच बसवून बघायला हवं.

दुसरी गोष्ट एसीची. ऑक्टोबर हीटमध्ये पुढच्या दोघांना थंडी वाजते आणि मागचे रुमालानं वारा घेतात, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून भर दुपारी, गाडी भरलेली असताना मागे बसून बघा. तिसरी गोष्ट डिकीची. तिन्ही रांगा उभ्या केल्या की अशा बऱ्याच गाड्यांत मागे दोन-तीन छोट्या बॅगांपुरती जागा उरते. आमच्या तर चार मोठ्या होत्या. उरलेलं सामान टपावर कॅरिअर लावून टाकावं, असं बाबांचं मत पडलं. पण टपावर जितकं ओझं, तितकी गाडी वळणावर जास्त कलते. शेवटी एक बॅग वहिनीच्या पायाशी आणि एक पुतणीच्या मांडीवर. लातूर येईपर्यंत दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते!

काळी माती खोटं बोलत नाही

लातूरला मुक्काम केला. संध्याकाळी गंजगोलाईत चक्कर मारली. मधे गोल आणि चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते. रिक्षा, हातगाड्या, बाइक, माणसं, सगळं एकदम. जवळपास पावणेपाच मीटर लांबीची गाडी तिथून काढणं म्हणजे कसरतच! ३६० डिग्री कॅमेऱ्याला मी तोवर नखरा समजत होते. तिथे मात्र त्याला मनापासून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी परतताना मुद्दाम वाट बदलली. उदगीर, जळकोट, कंधार करत नांदेड. उदगीर म्हणजे १७६० मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं ते, आणि कंधारचा भुईकोट तर राष्ट्रकूटकाळाशी नातं सांगणारा. किल्ले बघण्यासारखे आहेतच, पण मला हवे होते तिकडचे रस्ते. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता जागोजागी लाटेसारखा वरखाली होतो. दिसायला सरळ, पण गाडी होडीसारखी डोलते. सुगीच्या दिवसांत त्याच रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, गावागणिक स्पीडब्रेकर असतात आणि उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल असते. सस्पेन्शनची परीक्षा घ्यायला याहून चांगलं मैदान नाही.

इथं मी तिसऱ्या रांगेत होते, दादा स्टिअरिंगवर. ही सीट मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच येते, त्यामुळे पुढे ‘टप्’ वाजणारा खड्डा मागे चक्क ‘धाड्’ होतो. दादा पुढून विचारत होता, ‘‘कशीय राईड?’’ मागून मी काय म्हणतेय, ते टायरच्या आवाजात त्याला ऐकूच जाईना. जळकोट ओलांडेपर्यंत पुतणीला मळमळायला लागलं आणि आम्ही एका चहाच्या टपरीवर थांबलो. दादाला वाटत होतं, गाडी मस्त चाललीय. त्याचं चूक नव्हतं. त्याच्या सीटवर ती मस्तच चालली होती.

मग मी दादाला मागे बसवलं आणि चावी घेतली. कंधार येईपर्यंत त्यानं बुकिंगचा विषय काढला नाही.

स्टार कुणाला मिळतात?

आता जरा गंभीर मुद्दा. हल्ली आपण गाडी घेताना स्टार बघतो, आणि ते चांगलंच आहे. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची चाचणी, ‘भारत एनकॅप’ही सुरू झालीय. पण समोरून धडक देण्याच्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे असतात पुढच्या दोन सीटवर आणि लहान मुलांचे मधल्या रांगेत. तिसरी रांग रिकामी असते. म्हणजे पाच स्टार बघून आपण ज्या सीटवर घरातल्या पोरांना हमखास कोंबतो, त्या सीटबद्दल ते स्टार फारसं काही सांगत नाहीत.

म्हणून तिथे आपणच बघायचं. तिसऱ्या रांगेत तीन पॉइंटचे सीटबेल्ट आहेत का? डोक्यामागे पूर्ण उंचीचा आधार आहे का? बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का, की मधेच संपतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे बेल्ट लावतात का? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. गाडी नामांकित होती, महागडी होती. लहानपणी काळी-पिवळी जीपमध्ये आडव्या बाकड्यावर पंधरा जणांत बसून आपण सुखरूप पोचलो, हे खरंय. पण त्या जीपचा वेग आणि आजच्या चौपदरीवरचा वेग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रात्रीच्या प्रवासाचंही तसंच. ‘रात्री निघू, सकाळी पोचू, ट्रॅफिक लागत नाही,’ हा आपल्याकडचा लाडका फंडा. बीडहून मुंबईकडे निघालेल्या विनायक मेटे यांचा १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे एक्स्प्रेस वेवर अपघात झाला आणि ते गेले. ते गाडी चालवत नव्हते. मोठी गाडी घेतली म्हणून पहाटेची झोप लहान होत नाही. नांदेड-पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सत्तावन्न लिटरची टाकी आणि लिटरला बारा किलोमीटर धरले, तर हिशेबानं एका टाकीत आरामात पोचाल. पण डिझेल संपत नाही म्हणून माणसानं थांबायचंच नाही, असं थोडंच आहे?

आणि खिशाचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर ४० टक्के झाला. त्याआधी जीएसटी आणि सेस मिळून तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. म्हणून अनेकांचे हात चेकबुककडे वळले. पण आकडे मांडूनच बघा. पंधरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साधारण २४,१०० रुपये. व्याजच सव्वापाच लाखांच्या पुढे. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि डिझेल वेगळं.

परतल्यावर आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. गेल्या वर्षभरात सातही जण एकत्र कधी फिरलो? दिवाळीचे चार दिवस, एक लग्न, माहूरच्या रेणुकादेवीचं दर्शन. सगळे मिळून आठ दिवस! उरलेले ३५७ दिवस ती गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहणार होती आणि तिची तिसरी रांग मिटलेली. आठ दिवस मोठी गाडी भाड्यानं घेतली, तरी किती स्वस्त पडेल, ते दादानंच मोबाइलवर काढलं.

याचा अर्थ मोठी गाडी घेऊच नका, असा नाही. घरात खरंच सहा-सात माणसं राहत असतील, महिन्या-दोन महिन्याला गावी जाणं होत असेल, रस्ता तसाच रांगडा असेल, तर ती चैन नाही, गरज आहे. फक्त परीक्षा नीट घ्या. हव्या त्या मॉडेलची, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली सेल्फ ड्राइव्ह गाडी मिळाली, तर दोन दिवस भाड्यानं घ्या. घरातलं सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात लहान माणूस सोबत न्या. नेहमीचं सामान भरा, आणि दारावरच्या स्टिकरनुसार फुल्ल लोडची हवा टायरमध्ये भरा. एक तास हायवे, एक तास गावाकडचा रस्ता, थोडा वेळ अंधारात हेडलाइट बघायला. आणि घेणाऱ्यानं निदान तासभर सगळ्यात मागे बसायचं. त्यात सूट नाही.

दादानं बुकिंग पुढे ढकललंय. आता तो मधल्या रांगेत दोन स्वतंत्र सीट असलेली सहा सीटची गाडी बघतोय, कारण तिच्यात मधून वाट असते आणि मागे जायला सीट पाडावी लागत नाही. पुढच्या रविवारी शोरूमला जायचंय. आत्यानं आताच बजावून ठेवलंय, ‘‘मला घेतल्याबिगर सही करायची न्हाई.’’