सील नेमके कुठे आहे?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून प्राणवायूची टाकी भरताना गळती सुरू झाली. आवारात पांढऱ्या वाफेचे लोट उठले, वॉर्डातला पुरवठा कोलमडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. दारात टँकर उभा होता, रुग्णांच्या तोंडावर मास्क होते. दगा दिला तो मधल्या वाटेने.

आज गंगापूर रोडवरच्या एखाद्या घरात आजोबांच्या उशाशी सिलिंडर असते. शेजारच्या खोलीत अभियांत्रिकीचा नातू छोट्या रॉकेटचे आराखडे काढत असेल, तर त्यालाही हाच प्रश्न सोडवायचा असतो: दाबाखालचा वायू जोडणीतून निसटू कसा द्यायचा नाही? भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हायब्रिड रॉकेटमध्ये इंधन जाळण्यासाठीही वापरतात.

पहिली चूक आटे निवडताना होते. पाव इंची ब्रिटिश आट्यांत इंचाला १९ फेरे असतात, अमेरिकी आट्यांत १८. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एकात दुसरे दोन-तीन फेरे सहज बसते, मग अडते. तिथे पाना लावून जोर केला की आटे बिघडतात आणि दाब आल्यावर जोडणी गळते किंवा उडते. म्हणून हाताने सहज न बसणारा भाग परत करावा.

दुसरी चूक टेफलॉन टेपची. निमुळते आटे एकमेकांत घट्ट रुतून सील करतात. उरलेल्या फटी टेप भरते. ती आवळण्याच्याच दिशेने गुंडाळावी आणि टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे तुकडे नळीत जात नाहीत. प्राणवायूसाठी टेपही त्याच कामाची, तेलविरहित हवी. सरळ आट्यांचे काम मात्र फक्त धरून ठेवण्याचे. तिथे सील वॉशर किंवा बैठक करते. कितीही टेप गुंडाळली तरी उपयोग नाही.

सिलिंडरचेही तसेच. जम्बो सिलिंडरवर रेग्युलेटरचे गोल नाक व्हॉल्व्हच्या बैठकीवर दाबले जाते. छोट्या सिलिंडरला आटे नसतात. ठरावीक जागी दोन पिना आणि मध्ये वॉशर असतो. प्राणवायूच्या पिना २ आणि ५ क्रमांकाच्या जागी, नायट्रस ऑक्साइडच्या ३ आणि ५. त्यामुळे चुकीचा वायू जोडला जात नाही. इथे टेप लावूच नये. गळती असल्यास वॉशर बदलावा, आणि एका जागी दोन वॉशर कधीही घालू नयेत.

वॉशर म्हातारा होतो, थंडीत कडकही होतो. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान कोसळले आणि सात अंतराळवीर गेले, ते थंडीने कडक झालेल्या रबरी कड्यांनी सील न केल्यामुळे.

सगळ्यात मोठा धोका तेलाचा. भरलेल्या सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट असतो. शुद्ध प्राणवायूत तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीनचा थर भडका घेऊ शकतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर पुढची हवा एकदम दाबली जाऊन तापते आणि ठिणगीची गरजही उरत नाही. म्हणून हात आणि पाना कोरडे, स्वच्छ ठेवावेत. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा.

फुसफुस ऐकू आली तर दाब असताना नट आवळू नये. रुग्णाला पर्यायी प्राणवायूवर घ्यावे, मगच व्हॉल्व्ह बंद करावा. देवघरातली समई आणि स्वयंपाकाचा गॅस विझवावा, खिडक्या उघडाव्यात आणि पुरवठादाराला बोलवावे. दुसरे सिलिंडर, जास्तीचा वॉशर आणि योग्य पाना आधीच हाताशी असला, तर ही अदलाबदल दोन मिनिटांत होते. पर्याय शोधायला बाजारात जावे लागले, तर तेवढा वेळ आजोबांच्या फुफ्फुसांकडे असेलच असे नाही.