पोटाला तारीख नसते

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण घरोघरी ऐकतो. पण जिला नवऱ्याने टाकले आहे आणि जिच्या पदरी दोन मुले आहेत, तिने हे शहाणपण घेऊन करायचे काय?

पोटगीचे कलम फौजदारी कायद्यात कसे, असे पुष्कळ भगिनी मला विचारतात. उत्तर सोपे आहे. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. भूक तितके थांबत नाही. म्हणून हे काम मॅजिस्ट्रेटकडे दिले गेले. पुढे १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये निघाली आणि जेथे ती आहेत तेथे हे अर्ज तिकडे गेले.

१८९८ च्या संहितेत पोटगीची कमाल मर्यादा होती महिना ५० रुपये. १९५५ साली ती ५०० झाली आणि केंद्राच्या कायद्यात थेट २००१ पर्यंत तेथेच राहिली! तोवर महागाई कुठल्या कुठे गेली होती. २००१ च्या दुरुस्तीने मर्यादा उठली. शिवाय अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून 'शक्यतो' ६० दिवसांत निकालात काढावा, असेही ठरले.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १४४ मध्ये हा हक्क तसाच आहे. एक सोय मात्र नवी झाली. मुलगा मुंबईत आणि आई साताऱ्यात असेल, तर आईला आता साताऱ्यातच अर्ज करता येतो. म्हातारपणी तिला मुंबईचे हेलपाटे नकोत.

कागदावर हे सारे छानच. पण शेजारच्या वहिनींबरोबर मी चार तारखांना कोर्टात बसले. एकदा नवरा आला नाही, एकदा त्याचे वकील आले नाहीत. मग पगाराचा दाखला घरी राहिला. मुलाची फी भरायची होती जूनमध्ये, पुढली तारीख पडली ऑगस्टची. साऱ्या कायद्याचा जीव त्या एका 'शक्यतो'मध्ये अडकला आहे, हे मला त्या बाकावर कळले.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की दोघांनीही आपली मिळकत व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर द्यावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. त्यामुळे तारखा लांबवण्यातला फायदा तरी कमी झाला. ज्यांच्यावर प्रसंग येईल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. लग्नाचा दाखला आणि घरखर्चाची वही जपावी. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावा.

आणि संसदेत पुन्हा दुरुस्ती येईल तेव्हा आपण फार मोठे काही मागू नये. तो एक 'शक्यतो' तेवढा खोडून मागावा.