बारा किलोची काळी प्लेट

पोखरणच्या बाजूला एका सौर प्रकल्पावर तडकलेल्या प्लेटा बदलायचं काम जवळून पाहिलं. प्लेट थिन फिल्मची, जुन्या मापाची: १२० बाय ६० सेंटिमीटर, वजन १२ किलो, कडेला अ‍ॅल्युमिनियमची चौकट नाही. एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा रबर लावलेल्या क्लिपांत धरलेल्या. माणसं उजाडताच कामाला लागतात, कारण ऊन पडलं की प्लेटमध्ये वीज तयार होतेच, ती बंद करायला बटण नसतं. काचांमधल्या थरात विषारी कॅडमियम असल्यामुळे फुटकी प्लेट भंगारात जात नाही, वेगळ्या पेटीत रचतात.

तिरकी धरली की काळ्या काचेवर साधारण सेंटिमीटरच्या अंतरानं बारीक रेषा दिसतात. लेझरनं मारलेल्या या रेषांमुळेच एका काचेचे शंभरावर सेल होतात. वीज तयार करणारा कॅडमियम टेल्युराइडचा थर जेमतेम ३ मायक्रॉनचा. नेहमीच्या प्लेटमधली सिलिकॉनची चकती १८०च्या आसपास. म्हणूनच २००८ साली सिलिकॉन किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा थिन फिल्मचे दिवस आले असं वाटत होतं.

खरा हिशेब मात्र माळावर कळतो. ही प्लेट ८० वॉटची, म्हणजे एका किलोवॉटला बारा-तेरा लागतात. त्या काळच्या २४० वॉटच्या सिलिकॉन प्लेटा चार-पाच पुरायच्या. जागा जास्त, लोखंड जास्त, क्लिपा आणि जोडण्या तर तिपटीच्या घरात. सिलिकॉन स्वस्त झाल्यावर कारखान्यात वाचलेला पैसा इथं जिरू लागला.

तरी या प्लेटा राजस्थानात आल्या, त्यात धोरणाचा वाटा मोठा होता. राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या टप्प्यात देशी मालाची अट सिलिकॉनला होती, थिन फिल्मला नव्हती. शिवाय अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं स्वस्त कर्ज मिळत होतं. सौरविजेत जवळपास सगळा पैसा आधीच गुंतवावा लागतो, इंधनाचा खर्च नसतो. त्यामुळे व्याज टक्क्यानं उतरलं तरी युनिटचा भाव हलतो. या मिशनच्या २०१०च्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती. २०१७ मध्ये राजस्थानातल्याच भडल्याला ती २ रुपये ४४ पैशांवर आली.

दुपारी ही प्लेट आपलं मोल दाखवते. काच ६५ अंशांवर गेली की सिलिकॉनची वीज सुमारे १६ टक्क्यांनी घटते, हिची दहा-बारा. वाळवंटात हा फरक वर्षभर पदरात पडतो. प्लेट निवडताना वॉटचा भाव विचारणारे खूप भेटतात; युनिटचा भाव विचारायला हवा.

चेन्नईजवळ जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या फर्स्ट सोलरच्या कारखान्यात याच तंत्राची प्लेट दोन मीटरहून लांब निघते, ५०० वॉटच्या पुढची. किलोवॉटला दोन पुरतात.